दिवाळीआधी आवार ‘स्वच्छ’ करताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घटस्थापना झाली की माझा फोन वाजायला लागतो. मुंबई, ठाणे, पुणे, एक फोन तर दुबईचा. सगळ्यांचं सांगणं एकच : ‘‘दिवाळीला येतोय. पावसाने फार रान माजलं असेल, तेवढं आवार स्वच्छ करून ठेव.’’ मी गुहागर तालुक्यात राहतो आणि गेली पंधरा-सोळा वर्षं बंद घरांची, बंगल्यांची आवारं राखतो. त्याआधी दापोलीला कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होतो. जे काही शिकलो ते तिथल्या माळ्यांच्या हाताखाली आणि त्याहून जास्त माझ्या आईकडून. सध्या माझ्याकडे पाच आवारं आहेत. तीन खाली समुद्राकडे पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत), नारळी-पोफळीच्या आगरात आणि दोन वर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर. शिवाय माझं स्वतःचं घर आहेच.

पत्र लिहायचं कारण म्हणजे ‘स्वच्छ’ हा शब्द. गेल्या काही वर्षांत त्याचा अर्थ बदलला. पूर्वी स्वच्छ म्हणजे बेणलेलं (गवत-तण काढलेलं), चोपलेलं (माती ठोकून घट्ट केलेलं), सारवलेलं. आता म्हणजे फवारलेलं, जाळलेलं, नाहीतर वरून फरशी ठोकलेलं. पाऊस गेल्यानंतरचे चार-पाच आठवडे कोकणातल्या जमिनीला वर्षभर पुरतात. या दिवसांत आपण जे करू, त्यावर मे महिन्यात झाडाखाली ओल राहणार की धूळ उडणार हे ठरतं. हे काम चुकीचं होताना मी पाहतो, आणि मला सांगितलं जातं म्हणून काही वेळा माझ्याच हातून ते झालंय. ते पुन्हा होऊ नये म्हणून लिहितो आहे.

आधी जमिनीची अवस्था सांगतो. आपल्याकडे एका पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. जांभ्याच्या मातीतला चुना, पालाश असं सगळं त्या पाण्याबरोबर खाली निघून जातं, म्हणून ती आंबट होते. माझ्या अंगणाशेजारच्या मातीची तपासणी करून घेतली तेव्हा सामू (पीएच, सातच्या खाली म्हणजे आंबट) ५.४ आला होता. शिवाय चार महिने पागोळ्या आणि पावलं पडून वरचा थर असा दबतो की खुरपं टेकवलं तर ठण् आवाज येतो. त्या दबलेल्या, सावलीतल्या भागावर हिरवं शेवाळ धरतं. लोक त्यावर ब्लीचिंग पावडर ओततात. पायरीवर ओतली तरी ती वाहून शेवटी मातीतच जाते आणि कडेची दूर्वा पांढरी पडते. पायरीला हिराचा खराटा आणि दोन दिवसांचं ऊन पुरतं. मातीवर शेवाळ धरत असेल तर तिथे हवा आणि उजेड पोचत नाही असं समजावं. वरची फांदी हलकी करावी, माती हलवावी.

काम सुरू कधी करायचं? आपल्याकडून मान्सून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागे निघतो, पण मी तारीख बघत नाही. सकाळी अनवाणी आवारातून चालतो. पावलाच्या खड्ड्यात पाणी जमलं तर थांबतो. पाऊल उमटलं पण कोरडं राहिलं, तर दुसऱ्या दिवशी हत्यारं काढतो. ओल्या मातीत माणसं घालून बेणणी केली की माती आणखी चिकटून बसते आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत ती तशीच राहते. मालकांना घाई असते कारण तिकिटं काढलेली असतात. मी समजू शकतो. पण दोन दिवस थांबू द्यावं.

आता गवताकडे या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक मूठभर गवत हातात धरून बाजूला करून बघा. वरचं वीतभर हिरवंगार, आणि खाली बुडाशी देठ फिकट, पोपटी-पांढरे, ओलसर. चार महिने त्यांना ऊन लागलेलंच नसतं. हेच गवत ग्रास कटर घालून एका दिवसात मातीलगत छाटलं की ते पांढरे देठ ऑक्टोबरच्या ३२-३३ अंशांच्या उन्हात उघडे पडतात. चार दिवसांत आवार पिवळं, आठवड्यात तपकिरी. मालक येतात, म्हणतात, ‘‘अरे, सगळं मेलं की.’’ म्हणून मी दोन फेऱ्या करतो. पहिल्या फेरीत वरचा तिसरा हिस्साच कापायचा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. शेवटी तीन बोटं उंची ठेवायची. कापलेलं गवत बारीक असेल तर तिथेच पडू द्यायचं, दहा-बारा दिवसांत ते मातीत मिसळून जातं. मजुरी दोनदा पडते, खरं आहे. पण एकदाच छाटून उघडी पडलेली माती पुन्हा झाकायची म्हटलं तर पुढचा पावसाळाच लागतो.

सगळंच गवत राखायचं असंही नाही. टाकळा जूनमध्ये आपण भाजीला खुडतो, पण ऑक्टोबरात त्याच्या शेंगा भरतात. त्या वाळून तडकायच्या आत उपटायला हवा, नाहीतर पुढची कित्येक वर्षं तो त्याच जागी येणार. लाजाळू मुळासकट खणून काढावी लागते, नुसती कापली की दुप्पट पसरते. रानमोडी थंडीत फुलते आणि तिचं म्हातारीसारखं बी वाऱ्यावर उडतं, म्हणून ती नोव्हेंबरातच काढायची. लाजाळू आणि रानमोडी दोन्ही मुळात अमेरिका खंडातून आलेल्या, आपल्या नाहीत. तेरडा मात्र मी शेवटपर्यंत ठेवतो. तो आपला आहे, आणि आपोआप सुकून जातो.

फवाऱ्याबद्दल स्पष्ट लिहितो. तीन वर्षांपूर्वी सड्यावरच्या एका आवारात मालकांनी परस्पर माणूस पाठवून तणनाशक मारलं. डब्यावर ग्लायफोसेट लिहिलेलं होतं. दुपारची वेळ, समुद्राकडून वारा सुटलेला. आठ-दहा दिवसांत गडग्याच्या (आवाराभोवतीच्या दगडी कुंपणाच्या) आतलं गवत वाळलं, तसं गडग्यापलीकडचं शेजाऱ्यांनी नुकतंच लावलेलं पोफळीचं एक रोप आणि केळीचे दोन पिलवेही गेले. त्यांनी तोंड भरून शिव्या दिल्या, आणि त्या मला ऐकाव्या लागल्या. त्यानंतर परतीचा एक जोराचा पाऊस आला. उताराला मुळं धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. लाल माती पाखाडीवरून (दगडी पायवाटेवरून) खाली रस्त्यापर्यंत आली. दुसऱ्या जूनमध्ये त्या जागी पहिलं काय उगवलं? लव्हाळा. त्याच्या गाठी मातीत खोल असतात, वरची पात मेली तरी गाठी जगतात. दूर्वा गेली आणि लव्हाळा आला, हा त्या खर्चाचा हिशोब.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात घातलं. काही देशांच्या यंत्रणांना हे मान्य नाही, हेही मला ठाऊक आहे. पण ज्या अंगणात दिवाळीत पोरं फटाक्यांच्या मागे अनवाणी धावणार, जिथून पाणी झिरपून आपल्याच विहिरीत उतरणार, तिथे हा वाद सुटेपर्यंत फवारा मारायचा कशाला? दोन बायका आणि एक कोयती तीन दिवसांत ते काम करतात. वाडीतल्या घरात दिवाळीचे चार पैसेही जातात.

आता लॉन. हा विषय मोठा आहे आणि त्यात माझं मन गुंतलं आहे, कारण सड्यावरच्या एका बंगल्यात दोन गुंठ्यांचं लॉन मीच सांभाळतो. त्या मालकांची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. फार चांगल्या स्वभावाची, आपल्या बापाच्या घरावर जीव असलेली. तिने दोन वर्षांपूर्वी मला मोबाइलवर एक यादी पाठवली. तिच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात लॉनला काय करतात, ते सगळं. जमिनीला भोकं पाडायची, विरळ झालेल्या जागी नवीन बी पेरायचं, खत द्यायचं, पानगळीची पानं उचलायची किंवा यंत्राखाली बारीक करून गवतातच सोडायची, आणि थंडीआधीची शेवटची कापणी. ‘‘काका, तुम्हीपण असंच करा, आत्ताच वेळ आहे.’’

मी यादी दोन-तीनदा वाचली. तिच्या गावासाठी ती अगदी बरोबर आहे. तिथे केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, राय अशी थंडीतली गवतं लावतात. त्यांना १५ ते २४ अंशांची हवा मानवते. उन्हाळ्यात ती दमलेली असतात. ऑक्टोबरात हवा गार होते, जमीन मात्र अजून कोमट असते, म्हणून मुळं झपाट्याने वाढतात, पुढे बर्फ पडायच्या आत गवत सावरतं. म्हणून त्यांची लगबग त्या दिवसांत.

आपलं गवत उलट्या पंचांगाचं आहे. त्याला २७ ते ३५ अंशांची ऊब लागते. त्याची भरभराट पावसात होते, आणि त्याची झोपण्याची वेळ थंडीत नसून फेब्रुवारीपासून मेपर्यंत, पाण्याअभावी असते. म्हणजे तिकडचं लॉन ऑक्टोबरात जागं होतं तेव्हा आपलं निजायच्या तयारीला लागतं. त्याला त्या वेळी भरपूर नत्र (नायट्रोजन) देऊन पळवायचं नसतं. शेणखत-कंपोस्टचा चाळलेला पातळ थर द्यायचा, तो थंडीभर हळूहळू मुरतो. बी पेरायचं असेल, दूर्वांचे तुकडे लावायचे असतील, तर जून-जुलै. ऑक्टोबरात आपण फक्त खळगे भरायचे.

यादीतल्या दोन गोष्टी मात्र मी तशाच्या तशा उचलल्या. एक पानं न जाळता मातीतच सोडण्याची, त्यावर पुढे लिहितो. दुसरी भोकं पाडण्याची. सड्यावरच्या दबलेल्या जांभ्याला याची जेवढी गरज आहे तेवढी क्वचितच कुठल्या मातीला असेल. आमच्याकडे त्यासाठी यंत्र नाही. मी एक काटेरी फावडं घेतो, वीतभर अंतरावर चार बोटं खोल टोचतो आणि दांडा जरा मागेपुढे हलवतो. जिथे ते शिरत नाही तिथे पहार. मग चाळलेली वाळू आणि कंपोस्ट सारख्या भागाने मिसळून खराट्याने त्या भोकांत लोटायचं. दोन गुंठ्यांना दोघांचे तीन दिवस लागले. पुढच्या पावसात त्या भागात पाणी साचलं नाही, आणि भोकांच्या कडेने दूर्वेचे नवे धुमारे आले, हे मी मालकांना फोटो काढून पाठवलं. खाली पुळणीवर हे काही करू नये. तिथे माती नाहीच, वाळू आहे, हवा हवी तेवढी आहे. तिथे ओल धरून ठेवण्याचं काम करावं लागतं. नारळाच्या आळ्यात सोडणं (नारळाची सालं) उताणी घालून त्यावर पातेरा (सुका पालापाचोळा) पसरावा.

आणि ही दूर्वा म्हणजे काय, तेही सांगतो. ज्या गवतावर परदेशात गोल्फ खेळतात, जे ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून रोपवाटिकांत विकतात, ते सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली हरळी, आपली दूर्वा. विकायला येतात त्या निवडलेल्या किंवा संकरित, बारीक पानाच्या जाती, एवढाच फरक. गणपतीत जिच्या एकवीस जुड्या आपण वाहतो, तीच दिवाळीला ‘तण’ म्हणून फवारायला सांगतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं. त्या दोन गुंठ्यांत आधी शहरातून आणलेल्या गवताच्या गुंडाळ्या अंथरल्या होत्या. गुंडाळ्यांच्या मातीतून लव्हाळा आला. दुसऱ्या वर्षी अर्धं लॉन लव्हाळ्याचं. त्यानंतर मी एकेक चौकोन खणून, गाठी वेचून, गडग्याबाहेरची दूर्वा आणून लावली. आज तीच टिकली आहे.

पाण्याचा हिशोब प्रत्येक मालकाने मांडावा. लॉन हिरवं ठेवायचं तर आठवड्याला निदान इंचभर, म्हणजे २५ मिलिमीटर पाणी धरा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दोन गुंठे म्हणजे साधारण २०० चौरस मीटर. आठवड्याला ५००० लिटर. जानेवारी ते मेचे वीस आठवडे धरले तर एक लाख लिटर, आणि आपल्या उन्हात ते पुरतही नाही. त्याच मे महिन्यात सड्यावरच्या वाड्यांतल्या बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या असतात. मी त्या मालकांना हे कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी त्या दिवशी काही उत्तर दिलं नाही. पंधरा दिवसांनी फोन आला : ‘‘फेब्रुवारीनंतर पाणी बंद कर. पिवळं झालं तरी चालेल.’’ पिवळं झालं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत हिरवं झालं. दूर्वा मरत नसते.

याच लॉनने आणखी एक गोष्ट शिकवली, जी कोकणातल्या प्रत्येक आवाराला लागू आहे. लॉनच्या कडेला हापूसची दोन कलमं आहेत, चांगली वीस-बावीस वर्षांची. गडग्याबाहेर त्याच वेळी लावलेलं तिसरं कलम आहे. ज्या वर्षी लॉनला तुषार सिंचन बसवलं, त्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत रोज सकाळी पाणी फिरत होतं. डिसेंबरात बाहेरच्या कलमाला मोहोर आला. आतल्या दोघांना तांबूस कोवळी पालवी, मोहोराचा एक तुरा नाही. मी झाडाखाली उभा राहून वर बघत होतो आणि मला आईचं बोलणं आठवलं. ती म्हणायची, पाऊस गेला की आंब्याला तहान लागू दे. विद्यापीठातही हेच ऐकलं होतं : पावसानंतर जमीन सुकत जाते, थंडी सुटते, झाडाची वाढ थांबते, तेव्हाच ते मोहोराकडे वळतं. ओल मिळत राहिली की ते पानं काढत बसतं. हापूस एक वर्षाआड धरतो हे खरं, म्हणून पहिल्या वर्षी मी गप्प राहिलो. पण पुढच्या ऑक्टोबरात झाडांच्या विस्ताराखालचं आणि त्याच्या बाहेर दोन हातांपर्यंतचं पाणी तोडलं, आणि जानेवारीत दोन्ही कलमं मोहोरली. आता तिथे लॉन नाही. पातेरा पसरलेला आहे. आपल्या आवारात हापूस असेल तर त्याच्या खाली लॉन करू नका, एवढं तरी ऐकावं ही विनंती. फळ वाटाण्याएवढं-सुपारीएवढं धरलं की मग हवं तर पाणी द्या.

पानांच्या जाळण्याबद्दल. दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळी आमच्या खाडीवर धुराचा थर धरतो. घरोघरी फणस, आंबा, काजूचा पातेरा गोळा करून काडी लावलेली असते. राखेत पालाश असतो, म्हणून राख खत आहे, असं जुनी माणसं सांगतात आणि ते खोटं नाही. पण चुलीतली राख तेवढ्याला पुरते. पानातलं नत्र आणि मातीला भुसभुशीत करणारा सगळा भाग धुरातून उडून जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांत बागेतला पालापाचोळा उघड्यावर जाळायला मनाई केली होती, पण गावात हे फारसं कुणाच्या कानावर नाही. आणि त्याच काडीने पुढे जानेवारी-फेब्रुवारीत सड्यावरचं वाळलेलं गवत पेटतं. वणव्यात कुणाची काजूची बाग जाते, कुणाची तीस वर्षांची कलमं. मी एका वणव्यात पाणी मारायला गेलो होतो. सकाळी एक म्हातारे गृहस्थ करपलेल्या कलमाच्या खोडाला हात लावून उभे होते. ते दृश्य मी विसरू शकत नाही. म्हणूनच सड्यावरच्या आवारात गडग्याच्या बाहेरून सहा-सात हातांचा पट्टा मात्र डिसेंबरात मातीलगत कापून पूर्ण मोकळा करावा. तिथे गवत राखण्याचा हट्ट नको.

मालक मला विचारतात, पातेरा ठेवला तर जनावर (साप) येईल त्याचं काय? प्रश्न योग्य आहे, आणि त्याला उडवून लावणाऱ्यांचं मला पटत नाही. आपल्याकडे फुरसं आहे, ते जांभ्याच्या चिऱ्यांत, सुक्या पानांत सहज लपतं. घोणस, मण्यार, नागही आहेत. म्हणून घराभोवतीचा दहा-बारा फुटांचा पट्टा नेहमी लोटलेला, मोकळा असावा. चिऱ्यांचा, लाकडांचा, सोडणांचा ढीग भिंतीला लावून ठेवू नये. पातेऱ्याचा खड्डा परसाच्या टोकाला. हात घालण्याआधी काठीने चाळवावं, पायात गमबूट असावेत. गडग्याच्या फटीत विंचूही असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, त्यामुळे कोकणात कितीतरी जीव वाचले. पण रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचला तर. सर्पदंशालाही तेच. गावठी उपायात घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

खड्डा सोपा आहे. कमरेएवढा खोल, मोठ्या पायरीएवढा रुंद. वीतभर पातेरा, त्यावर शेणाचं पाणी, त्यावर पाटीभर माती, पुन्हा पातेरा. सुकू द्यायचा नाही. महिन्याने एकदा फावड्याने खालवर करायचा. मऊ पानं शिवरात्रीपर्यंत कुजतात. आंब्या-फणसाच्या जाड पानांना पुढचा पावसाळाही लागतो, म्हणून ती वेगळी काढून झाडाखालीच पसरावीत.

अंगणाविषयी चार ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. दसरा ते दिवाळी या काळात अंगण करणं हे आमच्या घरी सणाइतकंच मोठं काम असे. टिकावाने वरचा थर खणायचा, हरळीच्या मुळ्या वेचायच्या, लाल माती घालून उतार घराकडून बाहेर काढायचा, पाणी शिंपून रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी चोपणं (माती ठोकायची लाकडी हत्यारं) घेऊन ओळीने बसायचं. चोपण्याचा आवाज सुरुवातीला भसभस येतो. माती घट्ट होत गेली की तो टणटणीत होतो, त्यावरून आई सांगायची, इथे झालं, आता पुढे सरक. मग शेणाचं सारवण, तिच्या चार बोटांच्या कमानी ओळीने उमटलेल्या. आता वाडीत दोनच घरांत गुरं उरली आहेत, शेणही मागून आणावं लागतं. त्यामुळे लोक पेवर ब्लॉक घालतात, आणि वयस्कर माणसांची सोय म्हणून वाटेपुरते, पडवीपुढे पाच-सहा फूट घातले तर माझी तक्रार नाही. पण गडग्यापासून गडग्यापर्यंत, तुळशीवृंदावनाच्या बुडापर्यंत सिमेंटमध्ये बसवलेले पाहिले की विचारावंसं वाटतं, हे पाणी आता जिरणार कुठे? खाली पुळणीवरच्या एका घराने असं केलं. पहिल्याच जुलैत पाणी दारातून आत आलं आणि अंगणातून जे विहिरीकडे जिरायचं ते गटाराने समुद्रात गेलं. त्यांनी दुसऱ्या वर्षी अर्धे ब्लॉक उचलून घेतले. उचलायला मीच होतो. खालची माती वासाला आंबूस झाली होती, एक गांडूळ नव्हतं.

माती तपासणीची सोय आपल्याकडे आहे, पण घराच्या आवारासाठी कुणी वापरत नाही. दापोलीचं विद्यापीठ १९७२ पासून आहे, मृदा आरोग्यपत्रिकेची योजना २०१५ पासून. आवारात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल, पाचरीसारखा खड्डा घ्या, एका बाजूची पातळ खाप काढा, सगळी माती मिसळा, सावलीत वाळवून अर्धा किलो पिशवीत भरा. खत टाकण्याआधी. ऑक्टोबर त्याला उत्तम. चुना द्यायचा झाला तर अहवालात येईल तेवढाच, आणि खताच्या बरोबर नको, दोन-तीन आठवडे मध्ये जाऊ द्यावेत. एकत्र टाकले की नत्र हवेत उडतं.

संपादक महोदय, आपल्या अंकात शेतीचा मजकूर येतो, भात, आंबा, काजूचा. घराच्या आवाराचा येत नाही, आणि कोकणात आता बंद घरांची आवारं फार वाढली आहेत. आश्विनात एखाद्या रविवारी यासाठी अर्धं पान द्यावं, आणि कृषी विद्यापीठातल्या जाणकारांकडून लिहून घ्यावं. माझ्यासारख्याचं मालक एका कानाने ऐकतात, छापलेलं कदाचित नीट वाचतील.

आणि मालकांना : फोन करण्याऐवजी दिवाळीच्या तीन आठवडे आधी एक दिवस स्वतः या. माझ्याबरोबर अनवाणी आवारातून चाला. कुठे पाणी साचलंय, कुठे शेवाळ आहे, कुठली फांदी उतरवायची ते तुमच्यासमोर ठरवू. मजुरीचे दोन दिवस जास्त लागतील, ते मंजूर करा. न्यू जर्सीच्या ताई यंदा नोव्हेंबरात पंधरा दिवस येणार आहेत. काटेरी फावडं त्यांना स्वतः हातात धरायचं आहे असं त्यांनी कळवलंय. मी सड्यावरचा उत्तरेकडचा कोपरा त्यांच्यासाठी टोचायचा ठेवला आहे.

आपला,
आवारं राखणारा एक वाचक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी